तळमजल्याच्या नहाणीतून वर येणारं पाणी कुणाचं? व्यवस्थापक समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य
(तसेच असाच ठराव करण्याच्या बेतात असलेल्या इतर सोसायट्यांच्या समित्या)

विषय: चोकअपचा खर्च तळमजल्यावर टाकणारी सूचना मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

जिन्याखालच्या फलकावर आपण लावलेली सूचना वाचली. तळमजल्याच्या सदनिकेत ड्रेनेज तुंबल्यास ते त्या सभासदाने स्वखर्चाने काढून घ्यावे, दर महिन्याला गच्चीवरून लाइनीत अॅसिड सोडण्याचे कंत्राट दिले आहे, आणि आवारात पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम पूर्ण झाले आहे, असं तिच्यात म्हटलं आहे. तीन वेगळ्या ओळींत लिहिलं असलं तरी हे एकच प्रकरण आहे. पेव्हर ब्लॉकखाली चेंबरं, म्हणजे लाइन उघडून साफ करायच्या झाकणाच्या कुंड्या, गाडली गेली, चेंबरं उघडता येत नाहीत म्हणून अॅसिड आलं, आणि अॅसिडने काम होत नाही म्हणून खर्च तळमजल्याच्या गळ्यात. लिहिणाऱ्यांत तळमजल्याचे सभासद आहेत आणि ड्रेनेजच्या कामात हात घातलेलेही आहेत. तेव्हा नुसता राग न लिहिता जरा कामाचं लिहितो.

आधी पाणी आमच्याकडेच का येतं ते पाहू. वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी ज्या उभ्या पाइपातून खाली येतं, ज्याला प्लंबर डाउनटेक म्हणतात, तो तळाशी आडवा होऊन चेंबरकडे जातो. तुंबतं ते बहुधा या वळणावर किंवा त्याच्या पुढे. चार इंची पाइपात मीटरला साधारण आठ लिटर पाणी मावतं. म्हणजे तुंबलेल्या जागेपासून आमच्या फरशीपर्यंत दोन मीटर पाइप धरला, तरी बादलीभर पाण्यात तो भरतो. पुढचं पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं. कमोडची कड फरशीपासून फूट-सव्वा फूट वर, सिंक त्याहून वर. फरशीला टेकलेली असते ती नहाणी, म्हणजे बाथरूमच्या फरशीतलं जाळीचं तोंड. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या कपड्यांच्या मशीनचं पाणी आमच्या बाथरूममध्ये उगवतं आणि तिसऱ्या मजल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या वापराशी याचा काही संबंध नाही. आम्ही महिनाभर गावी गेलो तरी ते येणारच.

दोष कुणाच्या लाइनीत आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, अर्धा तास लागतो. त्या डाउनटेकवरच्या घरांना सांगून पाण्याचा वापर थांबवा. तळमजल्याच्या नहाणीत साठलेलं पाणी उपसून घ्या आणि एक बादली पाणी एकदम ओता. ते सरळ गेलं तर घरातली लाइन मोकळी आहे. मग दुसऱ्या मजल्यावरून एक फ्लश आणि दोन बादल्या सोडायला सांगा. आता पाणी वर आलं तर दोष सामायिक लाइनीत. पहिल्या बादलीलाच पाणी अडलं तर लगेच निकाल देऊ नका, पहिलं चेंबर उघडा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे, म्हणजे सोसायटीच्या हद्दीत. चेंबर कोरडं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये. तिथेही घरचा फाटा वेगळा आहे की डाउनटेकलाच जोडलेला, हे पाहावं लागतं. फक्त सिंक किंवा बेसिन तुंबलं आणि बाकी सगळं नीट वाहत असेल, तर ते काम घरमालकाचं. त्याबद्दल आमचा वाद नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी हा वाद आधीच मिटवून ठेवला आहे. संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांच्या यादीत ड्रेनेज लाइनी आणि सेप्टिक टँक नावानिशी आहेत. यादीत नसलेली कामं सभासदाची. शिवाय दुरुस्ती व देखभाल निधीपोटी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आपण सगळ्यांकडून घेताच. तो निधी गच्चीच्या गळतीला चालतो, लिफ्टच्या केबिनला नवा आरसा लावायला चालतो, आणि तळाच्या वळणाला का चालत नाही, हे आम्हाला कळलेलं नाही.

आता अॅसिड. यावर जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण समितीतल्या काही जणांचा त्यावर मनापासून विश्वास आहे. गच्चीवरच्या पाइपातून सोडलेलं अॅसिड पाइपाच्या आतल्या भिंतीवरून पातळ थरात ओघळत खाली येतं आणि तुंबलेल्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात मिसळून पातळ होतं. तिथे अडकलेलं असतं काय? केस, कापडाचा तुकडा, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, प्लॅस्टिकची पिशवी, वाळू, आणि या सगळ्याला चिकटवून ठेवणारी थिजलेली चरबी. हायड्रोक्लोरिक अॅसिडने यातलं काहीही विरघळत नाही. विरघळतं ते चेंबरचं सिमेंट, सांध्यांचा मसाला आणि जुन्या विंगमधले बिडाचे पाइप. चेंबरच्या तळाला अर्धगोल चॅनेल असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उताराचं बेंचिंग केलेलं असतं, मैला बाजूला साचू नये म्हणून. अॅसिडने ते बेंचिंग पोखरतं, खडबडीत होतं, त्याचे टवके सुटून पुढच्या पाइपात जातात आणि पुढच्या चोकअपची सोय होते.

हे झालं मालमत्तेचं. माणसाचं त्याहून गंभीर आहे. साचलेल्या गाळात सल्फाइड असतात. त्यावर अॅसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो जास्त असला तर वासही कळेनासा होतो आणि झाकण उघडून वाकलेला माणूस तिथेच कोसळू शकतो. कुणी घरी ब्लीच ओतलेलं असेल आणि वरून अॅसिड आलं तर क्लोरीन. आणि लाइन तुंबलेली असताना अॅसिड सोडलं तर ते जातं कुठे? जिथे पाणी जातं तिथेच, आमच्या नहाणीतून बाथरूममध्ये.

दुकानात मिळणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या पुड्यांचीही तीच गत. केसांचा आणि चरबीचा कोवळा थर त्याने सुटतो हे खरं. पण पूर्ण तुंबलेल्या ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात) टाकला की तो तिथेच तापतो, पीव्हीसीचा पाइप मऊ पडून वाकतो, चरबीचा साबण होतो आणि बोअरवेलच्या जड पाण्यात त्याचा दगडासारखा गोळा बसतो. आधी सोडा आणि तो लागू पडला नाही म्हणून मागून अॅसिड, हा प्रकार तर कुणीच करू नये. पाणी उसळून तोंडावर येतं. मागाहून येणाऱ्या प्लंबरला आत काय ओतलंय हे माहीत नसतं आणि हात तो घालतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांबद्दल मोबाइलवर पुष्कळ काही फिरतं. फेस छान येतो, बाकी काही होत नाही.

तिसरी तक्रार चेंबरांची. पेव्हर ब्लॉक बसवताना ठेकेदाराने चेंबरांची झाकणं उचलून नव्या पातळीला घेतली नाहीत, त्यांच्यावरच कच पसरली आणि ब्लॉक ठोकले. चेंबर प्रत्येक वळणावर, प्रत्येक जोडावर असतं आणि सरळ लाइनीत दोन चेंबरांमध्ये तीस मीटरहून जास्त अंतर ठेवत नाहीत. याचं कारण एकच, तिथून रॉड घालता यावा. झाकण गाडलं की ही सगळी रचना वाया. आवारातल्या चेंबरांपैकी आज उघडता येतात ती गेटजवळची आणि पार्किंगमधली. मधलं कुणाला आठवत नाही. वॉचमनही नवीन आहे. शिवाय झाकणाच्या फटीतून दर पावसात ती कच आत झिरपत राहणार. त्याच झपाट्यात गली ट्रॅपच्या जाळीवरही ब्लॉक आलेत. गली ट्रॅप म्हणजे भिंतीलगत जमिनीत बसवलेली ती चौकोनी कुंडी, जिच्यात स्वयंपाकघराचं आणि आंघोळीचं पाणी पडतं. तिच्यातला गाळ महिन्याला एकदा डब्याने काढायचा असतो. आता तीही बंद.

चोकअप काढायचा रीतसर मार्ग चेंबरातूनच जातो. इमारतीपासून रस्त्याकडे एकेक झाकण उघडत जायचं. भरलेल्या चेंबरानंतर जे पहिलं कोरडं चेंबर लागेल, त्या दोघांच्या मध्ये अडथळा. काम कोरड्या चेंबरातून, म्हणजे खालच्या बाजूने वरच्या बाजूला करायचं. रॉड जोडताना आणि ओढताना फिरवायचा तो नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटा फिरवला की आतल्या आत आटे सुटतात आणि अर्धे रॉड पाइपात राहतात. बांबूच्या पट्टीचंही तेच. मोडली की तुकडा आत आणि त्याभोवती नवा गुंता. अडथळा सुटतो तेव्हा पाणी लोंढ्याने येतं, म्हणून तोंडासमोर उभं राहायचं नाही आणि पुढच्या पाइपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी किंवा पंजा धरून ठेवायचा. सुटलेला गोळा वर काढायचा, पुढे ढकलायचा नाही. ढकलला तर तो पुढच्या चेंबराशी बसतो आणि आठवड्याने पुन्हा तोच खेळ. काम झाल्यावर वरच्या मजल्यावरून पाच-सहा बादल्या एकदम सोडून प्रत्येक चेंबरात धार मधोमध वाहते का, हे बघितल्याशिवाय झाकण लावू नये आणि बिलही देऊ नये. जोराच्या दाबाने पाणी मारणारं जेटिंग मशीन चांगलं, पण जुन्या विंगमध्ये चिनी मातीचे पाइप आहेत, तिथे दाब जपून, सांधे उघडतात.

यात चेंबरात माणूस उतरवायचा नाही. मे महिन्यात कंत्राटदाराने एका मुलाला पार्किंगमधल्या खोल चेंबरात कमरेपर्यंत उतरवलं होतं, हे समितीने पाहिलं आणि कुणी अडवलं नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक साफसफाईला कुणालाही, थेट किंवा कंत्राटदारामार्फत, लावायला मनाई आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाईची रक्कम दहा लाखांवरून तीस लाख केली. 'आम्ही कंत्राट दिलं होतं' हे उत्तर इथे पुरत नाही. आणि कायदा नसता तरी तो मुलगा तिथे उतरायला नको होता.

लाइन तुंबते कशाने, यावर सूचनेत एक शब्द नाही. तळमजल्याने काहीतरी टाकलं असेल असा फक्त सूर आहे. आमच्या मते यंदाचं सगळ्यात मोठं कारण वर चाललेली फ्लॅटची नूतनीकरणं आहे. टाइल्स बसवल्यावर ग्राउट आणि व्हाइट सिमेंट धुतलेलं पाणी कारागीर नहाणीत ओततात. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, पाण्याखालीसुद्धा. ट्रॅपच्या आणि तळाच्या वळणाच्या पोटात बसलेला तो थर मग कुठल्याच रॉडने निघत नाही, पाइप कापून बदलावा लागतो. हे टाळायला काम सुरू होताना नहाणीच्या तोंडात कापडाचा बोळा घालून वर प्लायचा तुकडा बसवायचा, धुण्याचं पाणी पिंपात साठवून निवळू द्यायचं आणि खालचा गाळ गोणीत भरून डेब्रिजबरोबर द्यायचा. नूतनीकरणाची परवानगी देताना समिती अनामत घेते. ही अट मात्र घालत नाही.

दुसरं कारण तेलाचं. दिवाळीच्या फराळानंतर महिन्याभरात चोकअप वाढतात हे कुठलाही प्लंबर सांगेल. कढईतलं उरलेलं तेल, तुपाची बेरी, वनस्पती तूप गरम पाण्याबरोबर सिंकमधून गेलं की संपलं असं वाटतं. ते जमिनीखालच्या गार पाइपात जाऊन थिजतं. भाताच्या पेजेचं पाणी आणि चहाचा चोथा त्याला पकडून बसतात. कढई आधी कागदाने पुसून मग घासावी, एवढंच त्याला औषध आहे. पुढच्या बाजूच्या फरसाणच्या दुकानाचं पाणी मात्र कागदाने आवरणारं नाही. तिथे ग्रीज ट्रॅप, म्हणजे चरबी अडवून धरणारी टाकी हवी, आणि चरबी व गाळ मिळून तिचा पाव भाग व्यापला की ती उपसायला हवी. दुकानाचा जोड आमच्याच चेंबराला आहे. ग्रीज ट्रॅप आहे का, हे समितीने पाहिलं आहे का?

तिसरं, पावसाचं पाणी. मागच्या वर्षी गच्चीवर पत्र्याची शेड टाकताना एका बाजूच्या पन्हळीचा पाइप सरळ ड्रेनेजच्या डाउनटेकमध्ये सोडला. मुंबईत सांडपाण्याची आणि पावसाच्या पाण्याची यंत्रणा वेगवेगळी आहे ती उगाच नाही. मुसळधार पावसाच्या एका तासात गच्चीवर जे पाणी जमतं, ते चार इंची मैल्याच्या पाइपाला झेपत नाही, आणि बरोबर गच्चीवरची माती, पानं, कबुतरांची घाण येते ती वेगळी. त्याच शेडच्या कामात डाउनटेकच्या वरच्या टोकाचं काऊल (हवा खेळती ठेवणारी जाळीची टोपी) काढून तोंडावर फरशी ठेवली आहे. वरून हवा मिळेनाशी झाली की पाणी खाली जाताना मागे पोकळी होते, ट्रॅपमधलं दोन इंचांचं पाणी ओढलं जातं, नहाणी गुडगुडते आणि घरात घाण वास येतो. मग लोक फिनाइल ओततात. एक फरशी हलवायची आहे!

आणि एक, जे तुंबण्यात मोडत नाही पण आमच्या माथी मारलं जातं. सकाळी नहाणीतून नुसता साबणाचा फेस वर येतो. वरच्या मशीनचं पाणी वेगाने खाली येऊन तळाच्या काटकोनी बेंडवर आपटतं, फेस आणि हवा कोंडते आणि जवळचं तोंड म्हणून आमचा ट्रॅप फोडून बाहेर येते. याला साफसफाई लागत नाही, बदल लागतो. एका काटकोनी बेंडऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड, त्यांना साफसफाईचं झाकण, आणि तळमजल्याचे सगळे फाटे डाउनटेकमधून काढून वेगळ्या पाइपाने थेट चेंबरला. आडवी लाइन नव्याने टाकताना उतार चार इंचीला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक. हा जुना ठोकताळा पाळला तरी पुरे. म्हणजे चार इंचीला मीटरमागे अडीच सेंटिमीटर. कमी दिला तर मैला बसतो.

सभासदांनाही दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. पाणी लवकर जावं म्हणून नहाणीतली वाटी काढून ठेवू नका. पाण्याचा पडदा त्या वाटीमुळेच राहतो. ती गेली की केस आत आणि झुरळं बाहेर. आठवड्याला वाटी उचलून धुवा, जाळीवरचे केस कचऱ्यात टाका. सिंकखालचा बॉटल ट्रॅप हाताने फिरवून उघडतो, खाली बादली ठेवायची आणि वॉशर जागेवर आहे ना ते बघून परत लावायचा. बेसिनला पंप मारताना वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथूनच जातो. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. घर महिनाभर बंद राहणार असेल तर प्रत्येक नहाणीत मगभर पाणी आणि वर चमचाभर खाण्याचं तेल सोडून जा. पाणी उडत नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. चोकअपचा खर्च तळमजल्यावर टाकणारी सूचना लेखी मागे घ्यावी आणि या वर्षी तळमजल्याच्या सभासदांनी सामायिक लाइनीसाठी भरलेली बिलं दुरुस्ती निधीतून परत करावीत. यापुढे वाद झाला तर वर सांगितलेली बादलीची चाचणी दोन्ही बाजूंसमोर व्हावी आणि चेंबर उघडून निकाल लागावा.

२. अॅसिडचं कंत्राट आजच रद्द व्हावं.

३. गाडलेली सगळी चेंबरं आणि गली ट्रॅप शोधून झाकणं पेव्हरच्या पातळीला घ्यावीत. गाड्या जातात तिथे जड झाकणं. पेव्हरच्या ठेकेदाराची राखून ठेवलेली रक्कम तोपर्यंत देऊ नये. प्रत्येक चेंबरला क्रमांक, त्याची खोली, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा नकाशा करून ऑफिसात लावावा. कुठला फाटा कुठे येतो हे कळत नसेल तर पाण्यात खाण्याचा रंग सोडून बघता येतं.

४. साफसफाई वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि दिवाळीनंतर. त्यात सगळी चेंबरं उघडणं, गाळ वर काढून नेणं (चेंबरशेजारी ढीग करून ठेवणं नव्हे, पहिल्या पावसात तो परत आत जातो), फुटलेलं बेंचिंग दुरुस्त करणं, सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट काढणं आणि गच्चीवरची काऊल तपासणं, एवढं तरी असावं. माणूस चेंबरात उतरणार नाही ही अट कंत्राटात लिहावी.

५. सोसायटीने स्वतःचे तीन फुटी दहा-बारा रॉड, त्यांचा स्क्रू आणि रबरी चकती, लांब दांड्याचा पंजा, झाकण उचलायच्या दोन किल्ल्या, रबरी हातमोजे आणि गमबूट घेऊन ठेवावेत. रात्री अकराला चोकअप झालं तर कंत्राटदार उचलत नाही तो फोन आम्हाला पुरत नाही.

६. पन्हळीचा पाइप ड्रेनेजमधून काढावा आणि काऊलवरची फरशी हटवावी. याला ठराव लागत नाही, एक दुपार लागते.

७. तळाचे बेंड बदलणं आणि तळमजल्याचे फाटे वेगळे करणं हा खर्चाचा विषय आहे, हे आम्हाला मान्य आहे. तो ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर, किमान तीन निविदांसह, घ्यावा. नूतनीकरणाच्या परवानगीतल्या अटी आणि दुकानाचा ग्रीज ट्रॅप हेही त्याच सभेत.

पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या मागणीवर पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. ते न मिळाल्यास आम्ही उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करू. त्याची प्रत आपल्यालाही देऊ. चेंबरं शोधण्याच्या कामाला आमच्यातले चार जण येत्या रविवारी सकाळी आठपासून थांबायला तयार आहेत. समितीतला एक सदस्य आणि पेव्हर उचलायला एक कामगार मिळावा.

कळावे,

आपले,
तळमजल्यावरील सभासद